यंत्राला ओठ नव्हते

दुकानातलं यंत्र काहीतरी बोललं आणि सगळे हसले, म्हणून मौनीही हसला. फक्त इतरांचं हसून संपत आल्यावर.

"कळलं ना काका, काय म्हणालं ते?" काउंटरमागच्या मुलीनं विचारलं.

"कळलं की. तोंडाळ दिसतंय," मौनी म्हणाला.

यावर पुन्हा सगळे हसले आणि या खेपेला मौनी वेळेवर हसला, कारण आपण काय बोललो ते त्याला ठाऊक होतं. यंत्र काय बोललं होतं ते मात्र त्याला आजतागायत कळलेलं नाही. त्यामुळे या गोष्टीतही ते नाही.

दुकान थंडगार होतं आणि मौनीच्या पाठीला घाम फुटला होता. तो बाईंच्या गाडीवर ड्रायव्हर होता आणि त्याला ऐकू येत नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या आहेत, हे जगात एकट्या त्याच्या बायकोला माहीत होतं. कान काही एका दिवसात गेले नव्हते. भाडेकरू सामान हलवतो तसे हळूहळू, कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशा बेतानं गेले. आधी पाखरं गेली, मग फोनची घंटी, मग बायकोची हाक. बायकोची हाक गेली तेव्हा सुरुवातीचे काही दिवस त्याला बरंच वाटलं. शेवटी हॉर्नही गेले. पण तोवर लोकांच्या ओठांवरचं वाचायची त्याला इतकी सवय झाली होती की आपले कान गेले आहेत हे त्याचं त्यालाच कधीकधी आठवावं लागे. इंजिनाचं दुखणं स्टिअरिंगमधून तळहातांना कळायचं. बाकीचं जग आरशातून कळायचं. लायसन्सच्या वेळी डॉक्टरांनी समोर बसून विचारलं, "ऐकू येतं ना?" तो म्हणाला, "येतं." डॉक्टरांनी सही केली. शास्त्र इतकंच होतं.

पण आता काचेच्या फळीवर रस्ता सांगणारी तीन यंत्रं मांडून ठेवली होती. एक तळहाताएवढं, एक वहीएवढं, एक मधलं. तिघांच्याही पाठीला काचेवर चिकटायचं रबरी बूड आणि लायटरच्या भोकात खुपसायची वायर. तिन्ही बोलायची. आणि एकाही यंत्राला ओठ नव्हते.

"तुझं काय म्हणणं आहे, मौनी?" बाईंनी विचारलं. त्या काउंटरजवळच्या खुर्चीत काठी टेकून बसल्या होत्या. "चालवतोस तू. निवडायचं तू."

"मोठं बरं वाटतं, बाई. बाण ठळक दिसतो."

"बाण कशाला बघायचाय?" बाईंचे जावईसाहेब म्हणाले. ते नेमके समोर उभे होते, म्हणून त्यांचं म्हणणं मौनीला कळलं. "बाण बघत बसाल आणि गाडी घालाल नाल्यात. हे ऐकायचं यंत्र आहे. लहान घ्या. आवाज ऐकायचा, डोळे रस्त्यावर."

"साहेब बरोबर म्हणतायत," मुलगी म्हणाली. विकायला बसलेल्या माणसाला जो पैसे देणार तो बरोबर वाटतो.

जावईसाहेब पैसे देणार होते असं नाही. पण ते तसे दिसायचे.

बाई म्हणजे मालकीण. बंद पडलेल्या कारखान्यांतली जुनी यंत्रं लिलावात घ्यायची, त्यांना तेलपाणी करायचं आणि नव्या कारखानदाराच्या गळ्यात मारायची, हा त्यांचा धंदा. लिलावाच्या जागा आडरानात. तिथे फोनला रेंज नसायची, म्हणून हे वरून, थेट आकाशातून रस्ता विचारणारं यंत्र घ्यायचं ठरलं होतं. निदान सांगायला कारण ते होतं.

मौनी हे नाव बाईंनीच ठेवलेलं. गाडीत काय बोलणं झालं हे हा माणूस मेला तरी बाहेर सांगत नाही, असं त्या चारचौघांत अभिमानानं सांगायच्या. ऑफिसातल्या मंडळींनी त्याला चहा पाजून, खांद्यावर हात टाकून, नाना परींनी विचारून पाहिलं होतं, "काय मौनी, बाई काय म्हणत होत्या काल?" मौनी म्हणायचा, "काय म्हणणार." लोकांना वाटायचं, माणूस सगळं पोटात ठेवतो. पोटात जायला आधी कानातून आत यावं लागतं, हा विचार कुणी केला नाही.

बाई मागे डाव्या बाजूला बसत. मौनीनं आतला आरसा असा कलता करून ठेवला होता की त्यात रस्ता जेमतेम आणि बाईंचं तोंड पुरतं दिसावं. मागच्या रस्त्यासाठी बाहेरचे दोन आरसे होतेच. "पुढे घे", "थांब", "काच लाव", "भूक लागली" एवढं त्याला आरशात स्वच्छ दिसायचं. नाही दिसलं तर "हो बाई" म्हणायचं. "हो बाई" हे उत्तर इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. बायकांना आणि मालकांना सहसा तेवढंच हवं असतं.

अडचण जावईसाहेबांची झाली. ते धंद्यात आल्यापासून बसायचे मौनीच्या बरोबर मागे, म्हणजे आरशाबाहेर. त्यांनी मौनीला हजार गोष्टी सांगितल्या असतील. मौनीनं त्यांना एकीचंही उत्तर दिलं नव्हतं. घरात सासूपुढे बोलायची सोय नाही आणि गाडीत ड्रायव्हर भाव देत नाही, असा तो माणूस दोन्हीकडून कोंडला होता.

त्यात आकडा फुटला. लिलावात बंद पाकिटातून बोली लावायची, आणि पाकिटं फोडेपर्यंत कुणाचा आकडा कुणाला कळायचा नाही, असा नियम. गेल्या दोन लिलावांत मात्र समोरच्या पार्टीचा आकडा बाईंच्या आकड्याच्या वर निघाला, आणि इतका निसटता वर, की दोन्हींच्या मध्ये पोस्टकार्ड सरकलं नसतं.

मग एके दिवशी जावईसाहेब गाडी पुसत असलेल्या मौनीच्या देखत पोर्चमध्ये उभे राहून बाईंशी बोलले. मौनी आतून पुढची काच पुसत होता. काच जसजशी स्वच्छ झाली तसतसे जावईसाहेबांचे ओठ स्पष्ट होत गेले.

"आकडा ठरतो गाडीत, आई. गाडीत माणसं तीन. मी फोडणार नाही, तुम्ही फोडणार नाही. आणि काल मी गाडी बाहेर काढली तेव्हा बघितलं, आतला आरसा रस्त्यावर नाहीये. तुमच्या तोंडावर लावलाय. हा माणूस रस्ता बघत नाही, तुम्हाला बघतो."

बाई पाठमोऱ्या होत्या. त्या काय म्हणाल्या ते कळलं नाही.

"म्हणून म्हणतो, यंत्र घेऊ. रस्ता यंत्राला माहीत असला की माणूस कुणीही चालतो. रोज वेगळा बोलवायचा. ना ओळख, ना चहाड्या."

मौनीनं काच पुसणं चालू ठेवलं. त्या दिवशी ती काच इतकी स्वच्छ झाली की संध्याकाळी एक माशी तिच्यावर आपटून मेली.

घरी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. बायको शर्टाची बटणं लावत होती. तिला त्याला हाक मारायची असली की ती दिव्याची दोनदा उघडझाप करी. शेजाऱ्यांची समजूत होती की यांच्या घरची वायर ढिली आहे.

"सांगून टाका बाईंना," ती त्याच्याकडे तोंड करून म्हणाली. "बहिरा माणूस चहाडी कशी करेल? सुटाल त्यातनं."

"चहाडीतून सुटेन. गाडीतूनही सुटेन."

"मी कधीची म्हणतेय, कानाला यंत्र लावून घ्या."

"कानात यंत्र घालून स्टिअरिंगवर बसलेला ड्रायव्हर कोण ठेवतं गं?"

"मग चोर म्हणवून घेणार? बाईंच्या तोंडून?"

यावर मौनीनं मान खाली घातली. खाली मान घालून बसला की बायको पुढे काय बोलते ते कळत नाही, एवढा एक बहिरेपणाचा फायदा होता. पण तिनं त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं. "काय करणार आहात उद्या?"

"यंत्र निवडणार."

तर ते निवडणं आता चाललं होतं.

"आता आवाज ठरवू या, काका," मुलगी म्हणाली. "यात दोन आवाज आहेत. ऐका हं."

तिनं लहान यंत्राचं बटण दाबलं आणि ती यंत्राकडे बघत राहिली. मौनी तिच्याकडे बघत राहिला. मुलीनं मान डोलावली. भुवया उंचावल्या. मग त्याच्याकडे बघून हसली. मौनीला वाटलं, दोन्ही झाले.

"दुसरा बरा आहे," तो म्हणाला.

मुलीचं हसू जागच्या जागी थांबलं. "दुसरा अजून लावलाच नाही, काका."

जावईसाहेबांनी वळून पाहिलं. बाईंची काठी जमिनीवर हलकेच फिरत होती ती थांबली. मौनीच्या मानेवरून घामाचा एक थेंब निघाला आणि कॉलरीपर्यंत सावकाश पोचला.

"पहिला आवडला नाही," मौनी म्हणाला, "म्हणजे दुसराच बरा असणार ना?"

मुलगी हसली. बाई हसल्या नाहीत. त्या मौनीकडे बघत होत्या. एखादं जुनं लेथ मशीन लिलावाआधी न्याहाळावं तसं, म्हणजे रंग न बघता, गंज कुठे आहे ते शोधत.

तेवढ्यात जावईसाहेबांचा फोन आला. ते फोन कानाला लावून फ्रिजच्या रांगेकडे सरकले. फ्रिज बघणारं एक जोडपं वळलं. पंख्यांच्या काउंटरवरचा माणूस वळला. दाराशी बसलेल्या पहारेकऱ्यानंही मान वळवली. जावईसाहेब फोनवर बोलायला लागले की लोक वळून का बघतात, याचं मौनीला नेहमी नवल वाटायचं. त्याला वाटे, रुबाब असावा.

बाईंनी एकदा त्या वळलेल्या माणसांकडे पाहिलं, एकदा न वळलेल्या मौनीकडे पाहिलं, आणि त्या काठीवर भार देऊन उठल्या.

"गाडीत लावून बघू आधी," त्या मुलीला म्हणाल्या. "दुकानात सगळीच यंत्रं शहाणी असतात. न्यायला देतेस का?"

"न्या ना बाई, फिरवून आणा. हे लहान दाखवायचंच आहे."

जावईसाहेब आज पुढे बसले, ड्रायव्हरच्या शेजारी. यंत्र काचेला चिकटवायला मौनीनं हात पुढे केला तर त्यांनी ते स्वतःच्याच मांडीवर ठेवलं, पडदा आपल्याकडे करून.

"तुम्ही फक्त ऐकायचं, काका. बरोबर बोलतं की नाही ते मी बघतो."

"कुठे जायचंय, साहेब?"

"ते यंत्र सांगेल."

मौनीनं चावी फिरवली. इंजिन सुरू झालं हे तळहातांना कळलं.

पहिला चौक आला. कुठे वळायचं? जावईसाहेब मांडीवरच्या पडद्याकडे बघत होते. मौनीनं गाडी मंद केली आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडे पाहिलं. जावईसाहेबांची हनुवटी डावीकडे सरकली. मौनी डावीकडे वळला.

जावईसाहेबांनी किंचित निराश होऊन वर पाहिलं. रस्ता बरोबर होता.

पुढच्या तिठ्यावर हनुवटी उजवीकडे गेली. मौनी उजवीकडे गेला. जो माणूस वळण ऐकतो त्याची हनुवटी आधी वळते, मग तो गाडीत कुठेही बसलेला असो. मौनीला जरा हुरूप आला. जोवर ही हनुवटी चालू आहे तोवर आपली नोकरी चालू आहे, असा त्यानं हिशेब केला. मधल्या सरळ रस्त्यावर तो चक्क एका ट्रकच्या पुढेही गेला.

मग मोठं सर्कल आलं. मधे गवताचा गोल, त्यात एक बंद पडलेलं कारंजं आणि पाच रस्ते. आणि नेमका त्याच वेळी जावईसाहेबांच्या खिशात फोन थरथरला. त्यांनी फोन काढला आणि त्यातलं काहीतरी वाचायला मान खाली घातली. हनुवटी छातीला टेकली.

यंत्र बोललं असणार. मौनीनं एक रस्ता सोडला. दुसरा सोडला. तिसऱ्याशी पाय ब्रेकवर गेला आणि परत आला. चौथा, पाचवा. त्यानं कारंज्याला पुरती एक फेरी घातली आणि दुसरी सुरू केली. हनुवटी वर यायची वाट बघत माणूस दुसरं काय करणार. ज्या गाडीत बसलेल्याला कुठे जायचं ते माहीत आणि चालवणाऱ्याला नाही, ती गाडी गोलच फिरते.

त्यानं आरशात पाहिलं. बाई सरळ त्याच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी पर्समधून रुमाल काढला, घडी मोडली, आणि तो हातानं तोंडासमोर धरला. खोकला आलेला माणूस धरतो तसा नव्हे. पडदा धरतात तसा.

रुमाल हलला.

बाई बोलत होत्या. रुमाल दोनदा आत ओढला गेला, एकदा फुगला, थांबला. वर फक्त डोळे. मौनीला डोळ्यांवरचं वाचता येत नव्हतं. तो तेवढा शिकलेला नव्हता. काय असेल? "कुठे फिरतोयस"? "हळू घे"? "पाणी दे"? कारंजं पुन्हा उजव्या काचेत गरगरत राहिलं. उत्तराला उशीर होत होता, आणि उशीर झाला की संपलं.

"हो बाई," मौनी म्हणाला.

रुमाल खाली आला. बाईंचे ओठ मिटलेले होते. पण जावईसाहेब फोन हातात तसाच धरून मागे वळले होते, आणि मौनीनं मान वळवली तेव्हा त्यांचं तोंड त्याच्या अगदी समोर होतं. इतक्या जवळून इतकं आनंदी तोंड त्यानं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"ऐकलंत ना, आई? तुम्ही सरळ विचारलंत, आकडा तूच फोडलास का, आणि हा म्हणतो हो. तोंडावर. लाज नाही वाटली हो म्हणायला."

मौनीला शब्दन् शब्द कळला.

त्याचे हात गाडी चालवत राहिले. हातांना सवय होती. डोक्यात मात्र एक खोटं पटकन तयार होऊन उभं राहिलं, इस्त्री केलेल्या कपड्यात: बाई, रुमालामुळे नीट आलं नाही ऐकू, मला वाटलं पाणी मागताय. चांगलं खोटं होतं. रुमालाआडचं कुणालाही कमी ऐकू येतं. त्यावर अजून वर्षभर निघालं असतं.

ते बोलायच्या आधी त्यानं बाहेरच्या आरशात पाहिलं, सवयीनं. मागे शाळेची व्हॅन होती, अगदी बुडाला लागून. तिचा ड्रायव्हर हॉर्नवर तळहात दाबून धरून बसला होता. तो आत्ताच आला होता असं वाटत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर रागाच्या पलीकडचा कंटाळा आला होता. काचेला पोरांची नाकं चपटी होऊन चिकटली होती. किती वेळ वाजवत होता कुणास ठाऊक.

मौनीनं सिग्नल दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं. व्हॅन पुढे निघून गेली. मग तो सीटवर वळला आणि त्यानं बाईंकडे समोरासमोर पाहिलं. इतकी वर्षं गाडीत त्या त्याला आरशात उलट्याच दिसत आल्या होत्या. त्यांच्या गालावरचा तीळ त्याला वाटत होता त्याच्या दुसऱ्या बाजूला निघाला.

"तुम्ही काय विचारलंत ते मला आत्ता, साहेबांच्या तोंडावरून कळलं, बाई," तो म्हणाला. "मी हो म्हणालो ते खरं धरू नका. मी सगळ्यालाच हो म्हणतो. मला ऐकू येत नाही."

"काय येत नाही?" जावईसाहेब म्हणाले.

"ऐकू. तुमचं तर कधीच नाही आलं, साहेब. तुम्ही मागे बसायचात. आरशात दिसत नाही तिथला माणूस."

गाडीत शांतता पसरली असावी. मौनीला फरक कळला नाही.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं. त्या सावकाश, ओठ नीट हलवून बोलल्या. म्हणजे त्यांना दुकानातच कळलं होतं.

"बरीच वर्षं झाली. हळूहळू गेलं."

"आणि आरसा?"

"तुमच्या तोंडासाठी. नाहीतर थांब म्हणालात ते कसं कळणार?"

"माझ्या नातवंडांना शाळेत सोडायचास तेव्हाही?"

याला "हो बाई" हे खरं उत्तर होतं आणि तेच त्याच्या तोंडून निघेना. त्यानं नुसती मान डोलावली.

"मग आकडा कुणी फोडला?" जावईसाहेबांनी विचारलं. त्यांच्या हातातून एक गुन्हेगार निसटत होता आणि दुसरा दिसत नव्हता.

"मघाशी दुकानात फोनवर एवढ्या मोठ्यानं काय बोलत होतात, जावईबापू?" बाई म्हणाल्या.

"ते परवाच्या लिलावाचं. आपल्या पाकिटात किती घालायचे ते."

"हं. फ्रिज घ्यायला आलेल्या त्या बाईला आता तो आकडा पाठ असेल. पंखेवाल्यालाही. पहारेकऱ्यानं तर दारातून मान वळवली. साऱ्या दुकानात एकट्या यालाच कळला नाही."

जावईसाहेबांनी तोंड उघडलं आणि काही न बोलता मिटलं. रिकामं उघडलेलं तोंडही मौनीला वाचता आलं, पण ते वाचून त्याला आनंद झाला नाही. आपण चोर नव्हतो हे सिद्ध झाल्यावर छाती हलकी होईल अशी त्याची कल्पना होती. छाती होती तेवढीच राहिली.

बाई थोडा वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत बसल्या.

"तू आता गाडी चालवायची नाहीस, मौनी."

"कळलं," मौनी म्हणाला.

"आत्तापासून."

"कळलं, बाई."

त्यानं चावी तशीच राहू दिली आणि दार उघडून तो बाहेर आला. जावईसाहेबही उतरले, दोघे गाडीच्या तोंडापुढून एकमेकांना ओलांडून गेले, आणि जावईसाहेबांनी त्याला वाट दिली. मौनी पुढच्या डाव्या दाराशी गेला तर बाईंनी मागची सीट थोपटून दाखवली. तो मागे बसला, जावईसाहेबांच्या बरोबर पाठीशी. बाईंनी त्याच्याकडे तोंड केलं.

"यंत्र राहिलंच. निवडायचं तुला सांगितलं होतं. कुठलं घ्यायचं?"

"मोठ्या पडद्याचं घ्या," मौनी म्हणाला. "नवा ड्रायव्हर कसा असेल सांगता येत नाही."

बाईंच्या तोंडाचा कोपरा हलला. गाडी एक झटका खाऊन निघाली, पुन्हा कारंज्याला वळसा घालून दुकानाच्या रस्त्याला लागली. मग बाई त्याच्याकडे जरा वाकल्या, आणि त्यांचे डोळे बारीक झाले. धंद्यातले डोळे.

"लांबून कितपत कळतं तुला?"

"तोंड समोर असलं तर रस्त्यापलीकडचंही."

"परवा लिलावाला समोरची पार्टी पलीकडच्या बाकावर बसेल. आपसात कुजबुजतील. मी तुला माझ्या शेजारी बसवते. पगार आहे तोच."

मौनीनं ते वाचलं, आणि नीट वाचलं की नाही म्हणून बाईंच्या ओठांकडे आणखी क्षणभर बघितलं. घरी बायको बसली होती. पगार आहे तोच.

"ते नाही व्हायचं, बाई."

"व्हायचं नाही, की करायचं नाही?"

"करायचं नाही."

बाई मागे टेकल्या. रागावल्या की काय ते कळेना. त्यांनी तोंड खिडकीकडे केलं होतं.

पुढच्या सिग्नलला जावईसाहेबांनी ब्रेक उशिरा दाबला आणि गाडी पांढऱ्या पट्ट्यावर तिरकी जाऊन थांबली. शेजारी एक टेम्पो होता. टेम्पोवाल्यानं काच खाली केली, कोपर बाहेर काढलं आणि तो जावईसाहेबांकडे बघून बोलायला लागला. इकडच्या काचा लावलेल्या, आत थंड हवा चालू. बाईंना आणि जावईसाहेबांना नुसतं तोंड हलताना दिसत होतं. टेम्पोवाल्याचे दात मोठे होते, ओठ पातळ होते. त्यानं जावईसाहेबांच्या ड्रायव्हिंगपासून सुरुवात केली, मग त्यांच्या वडिलांकडे वळला, तिथून आजोबांकडे, आणि सावकाश, काही न गाळता, एकेक पिढी घेत मागे चालला. मौनी त्याच्याकडे बघत होता. इतकं स्पष्ट बोलणारा माणूस त्याला फार दिवसांनी भेटला होता.

बाईंनी मौनीच्या दंडाला हात लावला. "काय म्हणतोय तो?"

पुढून जावईसाहेबही मागे बघायला लागले.

"काही नाही, बाई," मौनी म्हणाला. "रस्ता विचारतोय."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. सिग्नल हिरवा झाला. मौनीनं दोन्ही हात मांडीवर एकावर एक ठेवले, पाहुणे ठेवतात तसे.